किल्ली डावीकडे

सोमवारी सकाळी तपासनिसाने तिसऱ्यांदा सेल्फ मारला. गाडी सगळं अंग झाडून खोकली, मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट निघून आवाराच्या भिंतीला जाऊन टेकला आणि पुन्हा सगळं गप्प झालं. तपासनिसाने किल्ली काढून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि मांडीवरच्या छापील कागदातल्या एका चौकटीत लिहायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या ग्रंथपाल बाईला ते बाजूनेही वाचता येत होतं, कारण टेबलापलीकडून लोकांनी लिहिलेली नावं उलटी वाचण्यातच तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. ‘निकामी’मधलं ‘निका’ एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “अजून तापली नाहीये ती. जरा तापू द्या.” तपासनिसाने पेन थांबवलं. तीही थांबली. आवाज तिचा होता, पण वाक्य तिचं नव्हतं. मधला तो छोटा विसावा, गाडीला ‘ती’ म्हणताना किंचित खाली उतरणारा सूर, ‘जरा’वरचा तो अलगद भार, हे सगळं अकरा महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन गेलेल्या चालकाचं होतं आणि ते आपल्या घशात इतके दिवस बिनबोभाट राहत होतं याचं तिला नवल वाटलं, थोडी भीतीही वाटली.

तपासनीस वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा होता, सकाळी लवकर उठून आला होता आणि त्याला अजून तीन गाड्या बघायच्या होत्या. इंजिनचं कॉम्प्रेशन गेलंय, त्याने समजावून सांगितलं. म्हणजे आतली हवा दाबली जात नाही, दाबली जात नाही म्हणून तापत नाही, तापत नाही म्हणून डिझेल पेटत नाही. गाडी बावीस वर्षांची आहे, तिनं पुष्कळ केलं. ती म्हणाली की ऊन वर आलं की हीच गाडी सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की दिवसभर नुसता हात लावायचा अवकाश. त्यावर तो हसला, आणि त्या हसण्यात अपमान नव्हता, कंटाळा होता. “बाई, तुम्ही पुस्तकं सांभाळा,” तो म्हणाला. “इंजिनं आमच्याकडे असू द्या.” पण सही मात्र त्याने केली नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा येतो, म्हणाला. तेव्हा गार इंजिन सुरू झालं तर दोन वर्षांची मुदत वाढवून देईन, नाही तर त्याच दिवशी कागद पुढे जाईल. कागद पुढे जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. गाडी भंगारात, अठरा थांबे बंद आणि ती मुख्य वाचनालयाच्या तळघरात, बांधणीच्या खोलीत, डिंकाच्या वासात. त्या खोलीला खिडकी नव्हती.

गाडी हे फिरतं वाचनालय होतं. दोन्ही अंगांना फळ्या, फळ्यांना पुस्तकं पडू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या, मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. शहराच्या कडेकडेच्या वस्त्या, कारखान्याची फाटकं, परिचारिकांचं वसतिगृह, जिथे वाचनालय नाही आणि व्हायचीही शक्यता नाही अशा अठरा ठिकाणी ती आठवड्यातून एकदा जायची. लोक तिला पुस्तकबाई म्हणत. आणि अठरा वर्षं ही गाडी ज्यांनी चालवली त्यांना सगळे गव्हर्नर म्हणत. डिझेल इंजिनात वेग हाताबाहेर जाऊ न देणारा एक भाग असतो, त्याचं ते नाव. पंचेचाळीसच्या वर त्यांनी काटा कधी जाऊ दिला नाही, म्हणून दुसऱ्या चालकांनी चेष्टेने ठेवलं आणि ते चिकटलं. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात, वर वळून हात करत. गव्हर्नरही हात करत. पुस्तकं घाईने नेली की त्यांची पानं सुटतात, असं त्यांचं एक स्वतःचं शास्त्र होतं.

त्यांच्या जागी आलेल्या चालकाला आवारात पाहुणा म्हणत, कारण पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं होतं की मी इथे दोन महिन्यांचा पाहुणा आहे, परदेशात काम लागतंय. त्याला आता अकरा महिने झाले होते. तिशी ओलांडलेला, हाताचा चपळ आणि मनाने उदार, फक्त बसल्या क्षणी निघायची त्याला सवय. तपासनीस गेल्यावर त्याने बोनेट उघडलं, बंद केलं, खांदे उडवले. साडेदहाला ऊन गाडीच्या नाकावर आलं. पाचसहा सेल्फ मारल्यावर इंजिन आधी दोन पायांवर लंगडत, मग तिसरा टेकत, मग चौथा टेकत सुरू झालं. पांढरा धूर थांबला. ते उशिरा निघाले आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर गाडी पहिल्या हाकेला ओ देत राहिली. ती खिडकीशी बसून ऐकत होती. पुस्तकं देता-घेताना, शिक्के मारताना, सागरी प्रवासांखेरीज काही न वाचणाऱ्या आणि समुद्र कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्या पोस्टमनला त्याने दोनदा नेलेलं पुस्तक तिसऱ्यांदा देताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. दोन पाय, मग तिसरा, मग चौथा.

तिला इंजिन येत नव्हतं. पण अठरा वर्षं एखाद्या माणसाच्या शेजारी बसून तो आपल्याशीच बोलतो ते ऐकलं की काहीतरी साचतंच. गव्हर्नर गप्पिष्ट नव्हते, पण गाडीबद्दल गाडीसमोर बोलत, जसं आजाऱ्याच्या उशाशी घरातलं माणूस बोलतं तसं. काळा धूर आला तर डिझेल जास्त जातंय. निळा आला तर ऑइल जळतंय. आणि पांढरा, नाकाला झोंबणारा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, तिला आत ऊब मिळत नाहीये. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. पाऊस येणार असं एखादा स्वतःशी म्हणतो तसं म्हटलं होतं, वर्षांवर वर्षं. मंगळवारी शेवटच्या थांब्यावर इंजिन चालू असताना तिने पाहुण्याला ऑइल भरायचं झाकण उघडायला लावलं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन तिथून धापा टाकतं, धूर सोडतं. एका जुन्या ट्रकजवळ उभं राहून गव्हर्नरांनी ते दाखवलं होतं, तोंडाने फुस्स फुस्स असा आवाज काढून. तिने तळहात त्या भोकावर धरला. हाताला फक्त कोमट, तेलकट हवा लागली. “हिची छाती चांगली आहे,” ती म्हणाली. पाहुण्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. त्या दिवसापासून तो तिला जरा वेगळ्या सुरात बाई म्हणू लागला.

राहिले ग्लो प्लग. गराजवाले त्यांना हीटर म्हणतात. पेन्सिलीएवढे चार, प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एकेक. गार इंजिनात डिझेल शिरायच्या आधी त्यांची टोकं लाल व्हावी लागतात. या गाडीत त्यासाठी किल्ली डावीकडे वळवून धरावी लागे. सोडली की स्प्रिंग तिला परत ढकलायची, म्हणून हाताने धरून ठेवायची. मग सोडून उजवीकडे, सेल्फ. आवारात परतल्यावर तिने पाहुण्याला किल्ली डावीकडे धरून बसायला सांगितलं आणि स्वतः बोनेटमध्ये वाकली. इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच हत्यार. एक वायर इंजिनच्या लोखंडाला टेकवली, दुसरी चार प्लगांना जोडणाऱ्या पट्टीला. बल्ब लागला. म्हणजे वीज इथवर येतेय, दोष पुढे आहे. मग पाहुण्याने पट्टी सोडवली. आता बल्बची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्यावर. पहिल्यावर लागला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. तिने पुसून, खरवडून पुन्हा टेकवली. नाही. चौथ्यावर लागला. दोन जिवंत, दोन मेलेले. दोन पायांवर लंगडत उठणारं इंजिन. कित्येक वर्षांत कुठलंही उत्तर तिला असं लख्ख, हातात धरता येईल असं मिळालं नव्हतं. डोळ्यांवरून मनगट फिरवताना कपाळाला काळा पट्टा लागला आणि तो तिने घरी जाईपर्यंत पुसला नाही.

घर आता मोकळं होतं. मुलगी शिकायला दूरच्या शहरात, सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालेली. दोन खोल्यांत तिच्या एकटीच्या चपला, एकटीचा कप. आरशात काळा पट्टा बघताना तिला एकदम तो पहिला हिवाळा आठवला. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात माणूस गेला. ती एकतीसची, मुलगी अडीच वर्षांची. नोकरी मिळाली ती याच गाडीवर, कारण बायका फिरतीवर जायला तयार नसत. रडायला घरात जागा नव्हती. एका खोलीत सासूबाई, त्यांचा मुलगा गेलेला, त्यांच्यासमोर हिने कसं रडायचं. दुसऱ्या खोलीत मुलगी, पाय धरून बसलेली. न्हाणीघराला कडी नव्हती. रस्त्यावर चालताना रडलं तर ओळखीचे थांबवायचे. मग सकाळी आठला आवारात पोचून, पायरी चढून, दार लावून घेतलं की, त्या पत्र्याच्या बंद खोक्यात, पुस्तकांच्या वासात, ते आपोआप यायचं. पहिल्या दिवशी तर तिला कळलंच नाही की शेजारी चालक येऊन बसलाय. कळलं तेव्हा तिने तोंड खिडकीकडे फिरवलं, पदर तोंडात धरला. त्यांनी काही विचारलं नाही. किल्ली डावीकडे वळवली आणि म्हणाले, इंजिन गार आहे, जरा तापू द्या. तिने मानेनेच हो म्हटलं. मग ती पुस्तकांची यादी काढेपर्यंत, नाक पुसून होईपर्यंत, ते तसेच किल्ली धरून बसले होते. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. तिला वाटलं, डिझेल गाड्यांचं असंच असतं.

त्या काळात काही गोड नव्हतं, तरी आज आठवताना त्याला एक गोडी चढली होती आणि ते तिला थोडं लबाडीचं वाटलं. सकाळची ती शांतता. सासूबाईंचा ‘दूध उतू गेलं’ हा आवाज मागे पडलेला, पहिल्या थांब्यावरच्या बायकांचा कलकलाट अजून पुढे. मध्ये हे थांबणं, कसलंच नसलेलं. कोणाची सून नाही, कोणाची आई नाही, पुस्तकबाईसुद्धा अजून नाही. समोरच्या काचेवर धुकं, आवाराच्या कोपऱ्यात रखवालदाराची शेगडी. मग सेल्फ, मग गडगडाट, मग दिवस. पुढे मुलगी शाळेत जायला लागली, एका सकाळी शाळेच्या फाटकात तिने मागे वळूनही पाहिलं नाही, आणि त्या दिवशी गाडीत बसल्यावर हिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येत नाहीये. तरी सकाळचं ते थांबणं सुटलं नाही. ती त्या वेळात डबा आसनाखाली सरकवायची, चष्मा पुसायची, नोंदवही उघडून तारीख आणि पहिल्या तीन थांब्यांची नावं लिहायची. एका उन्हाळ्यात घामाने ओथंबून ती म्हणाली होती, आज तर लोखंडाला हात लावता येत नाही, आजही तापवायचं? त्यावर ते म्हणाले होते, हिचं मन गारच राहतं. ती कितीतरी वेळ हसली होती. आणि एवढं असून, त्यांच्या निरोपाच्या दिवशी सगळ्या आवारासमोर ते दोनच वाक्यं बोलले, तीही पाहुण्याशी: हिला घाई चालत नाही, आणि ऑइल वेळेवर बदला. तिच्याशी एक अक्षर नाही. तिने त्यांच्यासाठी घेतलेला थर्मास त्यांच्या हातात दिला, आणि त्यानंतर अकरा महिने ती रुसून होती. कोणावर आणि कशासाठी, हे विचारायला कोणी नव्हतं म्हणून तिलाही ते सांगावं लागलं नव्हतं.

बुधवारी प्लगचा नंबर हवा म्हणून तिने गाडीच्या जुन्या नोंदी काढल्या. गव्हर्नरांचं अक्षर मोठं, मुलांसारखं, ओळीवर बसवलेलं. नंबर लगेच सापडला, पण ती पानं उलटत राहिली. चारही प्लग बदलले. पुढच्या वर्षी पुन्हा, चारही प्लग बदलले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी, न चुकता, अठरा वेळा. मध्ये एका पानाला टाचणीने जोडलेला कार्यालयाचा पिवळा पडलेला कागद होता. इतर गाड्यांना चार-पाच वर्षांत एकदा लागणारे प्लग आपल्या गाडीला दर वर्षी का लागतात, याचा खुलासा सात दिवसांत करावा. खाली त्यांचं उत्तर: इंजिन थंड पडतं. आणखी खाली लाल शाईत, समज देण्यात आली. तारीख तिच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षातली होती.

सुट्या भागांच्या दुकानातला म्हातारा चष्म्यावरून बघणारा होता. त्याने दोन नको, चारही नवे घाला असं सांगितलं, चार प्लग कागदात गुंडाळले आणि किल्ली कोण धरतं, किती वेळ धरतं, ते विचारलं. ती म्हणाली, पूर्वीचे चालक बराच वेळ धरायचे, इंजिन थंड पडतं म्हणून. “हे जुन्या धाटणीचे आहेत,” तो म्हणाला. “यांना आठ मोजायचे, कडाक्याची थंडी असेल तर बारा. त्याच्यावर धरलं तर इंजिनला काही फायदा नाही, प्लग मात्र जळतात. आणि उन्हाळ्यात तर नुसता हात लावून सोडायचं.” त्याने एक प्लग काढून काउंटरवरच्या बॅटरीला जोडून दाखवला. तिने मनात मोजलं. सहाला टोक तांबूस झालं, आठला लाल. दहाला तिला ते बघवेना आणि तिने म्हाताऱ्याला वायर सोडायला सांगितलं.

परत आल्यावर ती गाडीत आपल्या जागेवर बसली आणि पाहुण्याला म्हणाली की तुझ्या फोनवर सेकंद लाव. त्याने कारण विचारलं नाही. तिने डबा आसनाखाली सरकवला. चष्मा काढला, पुसला, घातला. नोंदवही उघडली, तारीख लिहिली, पहिल्या तीन थांब्यांची नावं लिहिली. वही मिटली, तेव्हा इतकी वर्षं सेल्फचा आवाज व्हायचा. पाहुणा म्हणाला, अडतीस. अडतीस सेकंद, रोज, सुट्ट्या वजा जाता अठरा वर्षं, हिवाळा असो की रणरणता उन्हाळा. पहिल्यांदा तिला जे वाटलं ते चांगलं नव्हतं. अंगावरून कोणीतरी पांघरूण ओढल्यासारखं झालं. म्हणजे माहीत होतं. म्हणजे आपण ज्याला एकांत समजत होतो तो आपल्याला कोणीतरी दिलेला होता, रोज मोजून दिल्यासारखा, आणि आपण तो आपलाच समजून वापरत होतो. मग वाटलं, कशावरून? कदाचित त्यांचंच काही असेल. त्यांनाही घर आणि काम यांच्यामध्ये कुठेतरी बसायचं असेल. कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की इंजिन थंड पडतं. आयुष्यभर एक चुकीची समजूत धरून बसणारे लोक काय कमी असतात. हे शेवटचं तिला इतकं सोयीचं वाटलं की तिने ते लगेच सोडून दिलं. पांढऱ्या, काळ्या, निळ्या धुरात फरक करणारा माणूस आठ आणि अडतीसमध्ये चुकत नाही.

संध्याकाळी, इंजिन गरम असताना, त्यांनी जुने प्लग काढले. तिसरा हलेना. पाहुण्याने पान्यावर जोर लावायला सुरुवात केली तेव्हा तिने त्याचा हात धरला. प्लग आत तुटला तर इंजिनचं डोकंच उतरवावं लागतं आणि मग गुरुवार नाही, शुक्रवार नाही, काहीच नाही. तेल सोड, ती म्हणाली. आता थांब. आता जरा मागे, परत पुढे, परत मागे. पाऊण तास ते दोघं त्या एका प्लगवर वाकून होते, आणि पाहुण्यासारखा माणूस, ज्याला लिफ्टचीही वाट बघवत नसे, पाऊण तास जरा मागे, जरा पुढे करत राहिला. शेवटी प्लग सुटल्याचं बोटांना आधी कळलं, मग डोळ्यांना. टोक सुजलेलं, काळं पडलेलं होतं. नवे चार बसले. पाहुणा म्हणाला की परदेशातली नोकरी लागली तरी मी हे तिथे सांगेन.

गुरुवारी कडाका होता, काचेवर दव गोठलं होतं. तपासनिसाने बोनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करून घेतली आणि किल्ली पाहुण्याकडे दिली. पाहुण्याने ती डावीकडे धरली, ओठांनी आठ मोजले, उजवीकडे वळवली, आणि गाडी चारही पायांवर एकदम उभी राहिली. थोडा धूर आला आणि विरला. तपासनीस मागे जाऊन नळीपाशी उभा राहिला, परत आला, बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. मग बोनेटच्या आधाराने कागदावर ‘निका’वर काट मारून काहीतरी लिहिलं. काय केलंत, त्याने विचारलं. तिने सांगितलं. दोन प्लग मेलेले होते. त्याने पेनाला टोपण लावलं. “मी एकेका प्लगला बल्ब लावून बघायला हवा होता,” तो म्हणाला, आणि त्याच्याबद्दल तिला एकदम बरं वाटलं. गाडीला दोन वर्षं मिळाली. तळघरातली ती बिनखिडकीची खोली दोन वर्षं पुढे ढकलली गेली. पण पहिल्या थांब्याकडे जाताना तिला सारखं वाटत होतं की आज दिवस नेहमीपेक्षा लवकर सुरू झाला, मधलं काहीतरी गाळून.

रविवारी ती बसने दोन तासांवरच्या गावी गेली. पत्ता कार्यालयात होता, विचारायचा तेवढा राहिला होता. पिशवीत जुने चार प्लग, कागदात गुंडाळलेले. दार गव्हर्नरांच्या बायकोने उघडलं, गोल चेहऱ्याची, हाताला पीठ लागलेली. तिने आपण कोण ते सांगितलं. “तुम्हीच का त्या,” ती बाई म्हणाली. “मला वाटलं होतं, उंच असाल.” मग तिला आत घेऊन बसवलं. हे मागे शेजाऱ्यांचा पंप उघडून बसलेत, त्यांना म्हटलं आवरा तर आवरतील तेव्हा आवरतील, असं म्हणत पाणी दिलं. खोली नीटनेटकी होती. कपाटावर तिने दिलेला थर्मास होता, झाकणाला पोचा पडलेला, म्हणजे वापरातला. कशी आलात, का आलात, हे ओघाने झालं आणि तिने प्लगांचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, दुकानदार काय म्हणाला तेही सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्या बाईसमोर काही लपवावं असं वाटेना. गव्हर्नरांची बायको हात पुसता पुसता ऐकत होती.

“तो कागद घरी आणला होता त्यांनी,” ती म्हणाली. “प्लग जास्त का लागतात, खुलासा करा. दोन दिवस उत्तर जुळवत बसले होते. मी म्हटलं, खरं काय ते लिहा ना. तर म्हणाले, खरं लिहिलं तर त्या बाईंचं नाव येईल. मी म्हटलं, अहो, मग इतका वेळ किल्ली धरू नका. तर म्हणाले, त्या डोळे पुसत असतात. त्यांचं आटपायच्या आत गाडी कशी हलवू?” तिने हात पुसलेलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. “खोटं कशाला सांगू, मला राग आला होता तेव्हा. माझ्यासाठी कधी अर्धा मिनिट थांबले नाहीत हे. मी चपला घालेपर्यंत फाटकाबाहेर. पण मग वाटलं, नुसती किल्लीच धरतायत बिचारे.” असं म्हणून ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

गव्हर्नर मागच्या दाराने आले. बारीक झाले होते, कोपरापर्यंत काळे हात. तिला बघून त्यांनी आधी हात मागे लपवले, मग पुढे घेतले आणि गाडी कशी आहे ते विचारलं. तिने कागद उलगडून प्लग त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात फिरवला. हा तिसरा, ते म्हणाले, न विचारता. निघताना त्रास दिला असणार. टोक सुजलंय, म्हणजे वरून डिझेल नीट फवारत नाहीये, पुढच्या महिन्यात तेवढं बघून घ्या. तिने मान डोलावली. नवा माणूस किती मोजतो, त्यांनी विचारलं. आठ, ती म्हणाली. बरोबर आहे, ते म्हणाले, आठच मोजायचे. आणि प्लग कागदात परत गुंडाळू लागले, चारही सारखे, डोकी एका बाजूला करून. बसमध्ये दोन तास तिने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता हाताशी नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“माझं रडणं थांबलं त्याला सोळा वर्षं झाली,” ती म्हणाली. “मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हाच.”

त्यांनी कागदाचं टोक आत दुमडलं, बोटाने दाबून बसवलं.

“असेल,” ते म्हणाले. “मला कसं कळणार? मी समोर बघायचो.”